चार बाटल्या आणि माहीमची खाडी

१० मार्च २०२५, सोमवार

आजपासून नोंदी. जानेवारीच्या शेवटी पाच दिवस ताप आला, सर्दी झाली, दोन्ही गेले आणि जाताना माझं नाक घेऊन गेले. नाक आहे तसं, चष्मा टेकण्यापुरतं. वास मात्र नाही. दोनदा दूध करपलं, दोन्ही वेळा शेजारणीने बेल वाजवून सांगितलं. हे हसण्यावारी नेता आलं. पण गेल्या आठवड्यात शेगडीचं बटण अर्धवट उघडं राहिलं आणि मी तिथेच शेजारी उभी राहून कोथिंबीर निवडत होते. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा म्हणावा असा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन जातीचं घाणेरड्या वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. ती सगळी व्यवस्था माझ्यापुरती बाद. लेक कॉलेजातून आली आणि दारातूनच किंचाळली. त्या दिवशी पहिल्यांदा घाबरले.

नाक-कान-घसा डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. आत सूज नाही, वाढ नाही. विषाणूच्या तापानंतर असं होतं म्हणाले. नाकाच्या पार वरच्या टोकाला, टपाल तिकिटाएवढ्या जागेत वास ओळखणाऱ्या चेतापेशी असतात, आणि त्या आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात, म्हणून आशा आहे. गोळी नाही. आहे तो व्यायाम. २००९ मध्ये जर्मनीत थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार वासांचा प्रयोग केला होता: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायचे, बारा आठवडे. नुसतं हुंगायचं नाही, लक्ष देऊन हुंगायचं. हे शेवटचं वाक्य डॉक्टरांनी दोनदा सांगितलं.

साहित्य: निलगिरी आणि लवंगेचं तेल कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून, लिंबाचं तेल दादरहून, गुलाबाचं अत्तर नवऱ्याने मोहम्मद अली रोडवरून आणलं (भाव सांगायला तयार नाही). चार तपकिरी बाटल्या, आत कापसाचे बोळे, वर माझ्या अक्षरात चिठ्ठ्या. गुण शून्य ते पाच.

आजचे गुण: गुलाब ०, लिंबू ०, लवंग ०, निलगिरी १? (प्रश्नचिन्हासकट. काहीतरी गार लागलं.)

पंचवीस वर्षं मुद्रितशोधनाचं काम करते आहे, त्यामुळे तारीख घालून, समास सोडून लिहिल्याशिवाय मला काही केल्यासारखं वाटत नाही. लेकीने वहीवर 'नासिका पुनरुत्थान प्रकल्प' असं लिहून ठेवलं होतं. लाल पेनाने खोडलं.

१३ मार्च, गुरुवार, होळी

पुरणपोळी. गोड. बस, गोड. जायफळ नाही, वेलची नाही, तुपाचा खमंगपणा नाही. साखर घातलेला ऊबदार कागद खाल्ल्यासारखं. कटाची आमटी जास्त बरी लागली, कारण ती आंबट, खारट, तिखट आणि गरम अशी चार बाजूंनी येते.

जिभेला खरं तर गोड, आंबट, खारट, कडू एवढंच कळतं, आणि जपानच्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये शोधलेली ती पाचवी, उमामी. बाकी ज्याला आपण चव म्हणतो तो घशाच्या मागून नाकात चढणारा वासच. लेकीला पटेना. तिला नाक चिमटीत धरून वेलदोडा चावायला सांगितलं. "नुसता भुसा आहे," म्हणाली. मग चिमूट सोडली आणि तिचे डोळे मोठे झाले. मला तिचा हेवा वाटला. होळीच्या दिवशी पोटच्या पोरीचा हेवा.

१९ मार्च, बुधवार

निलगिरीचा तो '१?' सोडला तर आठवडाभर सगळे शून्य. म्हणून आज ट्रेनमध्ये दुसऱ्यांची नाकं वापरली.

पार्ल्याहून दादरला धीम्या लोकलने जाते. वांद्रे सुटलं की माहीमच्या आधी खाडी येते. मिठी नदी तिथे समुद्राला मिळते आणि शहराने तिच्यात दिवसभर जे काय सोडलेलं असतं तेही सोबत आणते. हा वास मुंबईकराला शिकवावा लागत नाही. आज मी खाडीकडे पाठ करून बसले आणि समोरच्या बायकांकडे बघत राहिले. मोबाइलवरून नजर न उचलता एकीची ओढणी नाकावर गेली. मग दुसरीचा रुमाल. तिसरी झोपलेली होती, झोपेतच तिच्या नाकपुड्या आवळल्या. माहीमचा फलाट आला आणि ओढणी खाली. एकीलाही आपण काही केलं याचा पत्ता नव्हता.

मीही पंचवीस वर्षं हेच करत असणार. ती दुर्गंधी मी 'घेतली' कधी? नाक झाकायचं ठरवणारं कोणीतरी आत होतं, ते मला विचारत नव्हतं.

२४ मार्च, सोमवार

० ० ० १?

छापखान्यातली एक जण इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आली आहे. तिचं म्हणणं, तू वासाच्या मागे लागू नकोस, आधी श्वास बघ. तिथे पहिले तीन दिवस नाकपुड्यांच्या तोंडाशी येणारा-जाणारा श्वास कळतो का एवढंच करतात म्हणे. लेकीच्या फोनमधल्या अॅपमध्येही तसलंच काहीतरी आहे, आणि एक मनुका दहा मिनिटं खायचा धडा. तो जॉन कबात-झिन यांच्या सजगतेच्या (माइंडफुलनेस) अभ्यासक्रमामुळे जगभर झाला, १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या. मनुका केला. सुरकुत्या छान होत्या. मला त्या धड्यातला शहाणपणाचा सूर सोसत नाही, पण तो माझा दोष.

श्वासाचं मात्र जमलं. आत येणारा गार, बाहेर जाणारा कोमट, एवढं पहिल्याच दिवशी. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की एका वेळी एकच नाकपुडी नीट चालते. सकाळी डावी, दुपारी उजवी. मला वाटलं हेही बिघडलं. डॉक्टरांना फोन केला तर हसले. प्रत्येकाचंच असं असतं, आतला पडदा काही तासांनी आलटून पालटून फुगतो. सासूबाईंना सांगितलं तर भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "मग, चंद्रस्वर आणि सूर्यस्वर. आमच्या मामंजींना माहीत होतं." सत्तेचाळीस वर्षं चेहऱ्याच्या मधोमध असलेली गोष्ट मला माहीत नव्हती.

आता चालू असलेल्या नाकपुडीशी बाटली धरते.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

कडुनिंबाची चटणी. ओवा नाही, हिंग नाही, गूळ आहे आणि कडू तर आहेच आहे. जिभेच्या मुळाशी अर्धा तास बसून राहिलं. इतकं सरळ, इतकं स्पष्ट काहीतरी कळलं याचाच आनंद झाला आणि मी दुसऱ्यांदा घेतली. सासूबाई चकित.

कामाच्या सवयीने एक टीप. आयुर्वेदाच्या सहा रसांत 'कटू' म्हणजे तिखट, आणि 'तिक्त' म्हणजे कडू. मराठीत आपण 'कटू अनुभव', 'कटू सत्य' म्हणतो ते कडवट या अर्थाने. म्हणजे 'तिखट'चा पूर्वज 'तिक्ष्ण' मानायचा की 'तिक्त' यावर बसायला हवं. (शब्दकोश बघणे. आज नको. आणि 'तीक्ष्ण' दीर्घ! घाईत मीही ऱ्हस्व लिहिलं.)

१२ एप्रिल, शनिवार

वर्षाचा मसाला. लालबागला सासूबाईंबरोबर. बेडगी, संकेश्वरी, थोडी काश्मिरी. धणे, दगडफूल, बाद्यान, नाकेशर, जावित्री, तिरफळ. दरवर्षी या गल्लीत शिरलं की कापड नाकाला लावायला लागतं. या वर्षी मी ऐटीत तशीच शिरले. मला काय होणार?

मिरच्या कांडायच्या यंत्रापाशी पोचायच्या आत शिंकांवर शिंका. डोळ्यांतून पाणी, घशात ठिणग्या. सासूबाई पदराआडून हसत होत्या: "अगं, आलं की नाक!" मलाही क्षणभर तसंच वाटलं. भर गल्लीत रडू आलं. मिरचीचं कुठलं आणि माझं कुठलं सांगता येणार नाही.

घरी येऊन वाचलं. नाक आलेलं नाही. मिरचीचा झोंबरेपणा, पुदिन्याचा गारवा, कांद्याने येणारं पाणी हे वास नव्हेतच. ती चेहऱ्यावरच्या स्पर्शाची, दुखण्याची, गारठ्याची बातमी नेणारी नस वेगळी, ट्रायजेमिनल, तिचं वासाच्या चेतेशी देणंघेणं नाही. मिरची तिच्या 'भाजलं'च्या घंटेवर हात ठेवते, पुदिना आणि निलगिरी 'गार'च्या.

निलगिरी. म्हणजे १० मार्चपासून रोज लिहिलेला तो '१?' वास नव्हताच. मागे जाऊन सगळे खोडले. चौतीस दिवसांचे. आता पान स्वच्छ शून्य दिसतं, आणि मला ते आधीपेक्षा आवडतं.

१७ एप्रिल, गुरुवार

गुलाब २!!

सकाळी सव्वासात. आधी काही नाही, मग अगदी पातळ, गोडसर, पाकळी चुरगाळल्यासारखा. संध्याकाळी पुन्हा. कालपासून किंचित वाटत होतं, लिहायचा धीर झाला नव्हता. नवऱ्याने जिलबी आणली. डॉक्टरांना मेसेज केला, त्यांनी अंगठा पाठवला.

१९ एप्रिल, शनिवार

लिहायचं नव्हतं, पण वही कशासाठी ठेवली आहे.

लेक रात्री जवळ येऊन बसली. म्हणाली, "आई, चिडू नकोस. मंगळवारपासून गुलाबाच्या बाटलीत पाणी आहे."

तिने नवीन बाटली आणली, नवा बोळा घातला, माझी चिठ्ठी वाफेवर धरून सोडवली आणि तिच्यावर चिकटवली. का? तर ती आठवडाभर मला बघत होती. मी बाटली उचलते, चिठ्ठी वाचते, डोळे मिटते आणि हुंगते. "तू आधी वाचतेस," म्हणाली. "मला बघायचं होतं."

चिडले. बरंच बोलले. जिलबीचाही उल्लेख केला, तो करायला नको होता. मग गॅलरीत जाऊन उभी राहिले.

राग उतरल्यावर जे उरलं ते फार ओळखीचं होतं. वाचताना डोळा ओळीवरून घसरत जात नाही, उड्या मारतो, सेकंदाला तीन-चार. प्रत्येक उडीत अगदी मधला तुकडा तेवढा स्पष्ट दिसतो, एखाद-दुसऱ्या शब्दाएवढा. बाकीचं मन आपल्या गाठोड्यातून भरतं. म्हणून 'सरकाराने' लिहिलेलं असलं तरी आपण 'सरकारने' वाचतो. लेखकाला स्वतःची चूक दिसत नाही ती याचमुळे. त्याला काय लिहायचं होतं ते ठाऊक असतं. या भरण्याला अडवणं एवढाच माझा धंदा आहे. पट्टी ओळीखाली धरायची, पान खालून वर वाचायचं, जोडाक्षर फोडून उच्चारायचं. तरुण मुलांना मी हे शिकवते. आणि नाकाच्या बाबतीत मी चिठ्ठी वाचून दोन गुण दिले.

मुलीला 'सॉरी' म्हणाले. ती म्हणाली, "जिलबी छान होती पण."

२३ एप्रिल, बुधवार

एका मासिकाचा महाराष्ट्र दिनाचा अंक छापून आला. मुखपृष्ठावर, अंगठ्याएवढ्या अक्षरांत, 'महारष्ट्र'. काना गायब. तीन जणांच्या हातून गेलं, शेवटचे हात माझे. आतल्या पानांतले ऱ्हस्व-दीर्घ मी नखाएवढ्या टायपात पकडले आहेत, शुद्धलेखनाचे १९६२ चे नियम, १९७२ ची भर, सगळं धरून. मोठं अक्षर कोणी वाचतच नाही, ओळखतं. ओळखणं म्हणजेच न बघणं, हे या महिन्यात दुसऱ्यांदा.

संपादक फक्त "असो" म्हणाले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

२७ एप्रिल, रविवार

नवी पद्धत. लेकीने आखली, मी दुरुस्त केली.

बाटल्या आता पाच, पाचवीत नुसतं पाणी. सगळ्यांना वर्तमानपत्राचा कागद गुंडाळलेला, आकडे बुडाला. क्रम ती बदलते आणि तिच्या वहीत ठेवते. मी डोळ्यांवर पट्टी बांधायची. आणि मुख्य नियम: नाव शेवटी. आधी काय आहे ते सांगायचं. गार की ऊन, टोकदार की बोथट, नाकात वर की घशाशी, लगेच की उशिरा, किती वेळ टिकलं. काहीच नसेल तर 'नाही' म्हणायचं आणि ते म्हणताना वाईट वाटून घ्यायचं नाही. (हा शेवटचा उपनियम तिचा.)

पहिली फेरी, प्रत्येक बाटली दोनदा, एकूण दहा. बरोबर २. दोन्ही निलगिरी, म्हणजे गारव्याच्या नसेची कमाई. अंदाजपंचे दाहोदरसे नावं घेतली असती तरी दोन आले असते.

३ मे, शनिवार

सकाळी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि उलटे पाय फिरवले. वायर जळते आहे, त्यात सडका बटाटा. सगळे स्विच बंद केले, फ्रिजमागे पाहिलं. काही नाही. नवरा कॉफी पीत उभा होता.

कॉफी! संध्याकाळी पोह्यांचा कांदा परतला, तीच वायर. टूथपेस्टलाही तिची बारीक बहीण. डॉक्टर म्हणाले, होतं असं, बरेचदा परतीच्या वाटेवर होतं. नव्या पेशी वर मेंदूकडे धागे नेतात ते सुरुवातीला भलत्याच खुंटीला बांधले जातात. कॉफी, कांदा, लसूण, अंडं ही नेहमीची आरोपी मंडळी, यांच्यातली गंधकाची संयुगं अगदी थोडी असली तरी पोचतात.

आहार: दहीभात, काकडी, कलिंगड. नवरा कॉफी घेऊन जिन्यात उभा राहतो. शेजाऱ्यांना वाटतं आमचं भांडण झालं आहे.

पण नोंद अशी करायची आहे की आज पट्टी, चिठ्ठी, बाटली यांतलं काहीही नसताना वास आला. चुकीचा आला. पण माझ्या गाठोड्यातला नव्हता. कॉफी बघून वायर मी कशाला भरीन?

११ मे, रविवार

हापूसची पेटी. सासूबाईंनी फोड हातात दिली आणि उत्तराची वाट बघत बसल्या. "गोड, आंबट, गार, गुळगुळीत," मी नियमाप्रमाणे सांगितलं. त्यांनी पेटी माझ्यासमोरून उचलली. "वाया घालवू नकोस. नाक आलं की दे हिला," हे नवऱ्याला.

दुपारी त्यांच्याशी पार्ल्याच्या बिस्किटांवर बोलणं निघालं. कारखाना १९२९ चा, २०१६ मध्ये इथलं उत्पादन थांबलं. तोवर स्टेशनवर उतरलं की पूर्वेकडे भाजलेल्या गोडाचा वास असायचा. १९९९ मध्ये लग्न होऊन आले तेव्हा वाटायचं, इथे रोज कोणाकडे तरी सण आहे. आज तो वास आठवून बघितला. नाही आठवत. 'गोड', 'भाजका', 'उबदार' हे शब्द येतात, स्टेशनचा पूल दिसतो, तेव्हाची माझी हिरवी साडी दिसते. वास येत नाही. सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या, "मला येतो." मग थोड्या वेळाने, "की मी म्हणते आहे नुसती?" लेकीच्या प्रयोगाने घरातलं कोणीही निर्धास्त राहिलेलं नाही.

शब्दांवरून शब्द. रोज 'नाव शेवटी' करता करता वहीच्या मागच्या पानावर वासांच्या विशेषणांची यादी वाढते आहे. कुबट, खवट, करपट, जळकट, ओशट, वशट, उबट, मातकट, धुरकट. सगळ्यांच्या शेवटी 'ट'. आणि केवढे नेमके! खवट म्हणजे तेल-खोबऱ्याचंच, कुबट म्हणजे कोंडलेल्या ओलीचंच, वशट म्हणजे मासळी-मटणाचंच. आता चांगल्या बाजूला या. सुगंध, सुवास, परिमळ, सौरभ, दरवळ, घमघमाट. मोगऱ्यालाही सुगंध, साबणालाही सुगंध. एका 'खमंग'ने तेवढी लाज राखली. घाणीला मराठीने एकेक करून हुंगलेलं दिसतं; चांगल्या वासाला हार घालून मोकळी झाली. माझ्या चार बाटल्यांतल्या गुलाबासाठी मला अजून एक नेमका शब्द सापडलेला नाही, आणि गुलाबच सगळ्यात मागे आहे. याचा त्याच्याशी संबंध नसणार. तरी लिहून ठेवते.

१६ मे, शुक्रवार

ट्रेन. मांडीवर दिवाळी अंकाच्या पहिल्या कथेचं प्रूफ. तिसऱ्या परिच्छेदात एक अनुस्वार शोधत होते.

काहीतरी आलं. ओलसर. किंचित गोड, पण सडत चाललेल्या गोडासारखं. जिभेच्या मागे लोखंडाची चव. वर नाही, घशाकडे. जात नाही, वाढतं आहे. हे सगळं मनातल्या मनात, ओळीने, नियमाप्रमाणे झालं, आणि मग मी मान वर केली. समोरच्या सगळ्या ओढण्या वर गेलेल्या. खिडकीबाहेर काळं पाणी, तिवरं, प्लॅस्टिक.

माहीमची खाडी!

आधी वास, मग नाव. मी खिडकीच्या जाळीला नाक लावलं आणि माहीमचा फलाट येईपर्यंत ओढत राहिले, जसं कोणी दरीच्या काठावर गेल्यावर ओढतं. शेजारच्या बाईंनी खांद्यावर हात ठेवला.

"ताई, बरं वाटत नाहीये का? उलटी होते आहे?"

"नाही हो. वास येतोय मला."

"तो तर सगळ्यांनाच येतोय," त्या म्हणाल्या, आणि जरा सरकून बसल्या.

दादरला उतरून फुलबाजारातून मुद्दाम गेले. शेवंती, झेंडू, मोगरा, सगळं शून्य. फक्त पुलाखालच्या टोपलीतल्या काल-परवाच्या कुजक्या देठांचा वास आला. आज मी तेवढ्यावर खूश आहे.

२६ मे, सोमवार

पाऊस. वळिवाचा नव्हे, खरा मोसमी. नेहमीची तारीख ११ जून. या वर्षी हा मुंबईत ७५ वर्षांतला सर्वांत लवकर आलेला म्हणताहेत. छत्र्या माळ्यावर, गाद्या गच्चीवर, सगळ्यांची तारांबळ.

गेले दोन महिने प्रत्येक जण मला हेच सांगत होता: पहिल्या पावसाला येईल बघ वास. त्या वासाला इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये पेट्रिकोर असं नाव दिलं. कनौजला तर त्याचं अत्तर करतात, भाजलेली माती ऊर्ध्वपातन करून चंदनाच्या तेलात उतरवलेली. त्यातलं मातीपण मुख्यतः जिओस्मिनचं, ते मातीतले सूक्ष्मजीव तयार करतात, आणि माणसाच्या नाकाला ते अब्जांश नाही, त्याहूनही कमी प्रमाणात कळतं. म्हणजे परीक्षा सोपी होती.

गॅलरीत चौघं उभे राहिलो. मी डोळे मिटले. गार. ओलं. गालावर थेंब. नाकात वर काही नाही, खाली काही नाही.

"आला ना?" सासूबाई.

"नाही."

कोणी काही बोललं नाही. मग लेक म्हणाली, "मला डांबराचा येतोय." नवरा म्हणाला, "छे, मातीचा आहे मस्त." ती म्हणाली, "बाबा, माती कुठेय? खाली सगळे पेव्हर ब्लॉक आहेत." तो खाली वाकून बघायला लागला. बराच वेळ बघत होता.

गुण: ०. तरी ही नोंद मला खोडावी लागणार नाही.

१ जून, रविवार

बारा आठवडे पूर्ण. पुन्हा प्रत्येक बाटली दोनदा, एकूण दहा, पट्टी बांधून. बरोबर ६: निलगिरी २, लवंग २, लिंबू १, पाणी १, गुलाब ०. निलगिरीचे धरायचे की नाही यावर घरात मतभेद आहेत. कडक हिशेबाने आठपैकी ४. एप्रिलमध्ये याच हिशेबाने आठपैकी शून्य होते.

कॉफीची वायर थोडी सैल झाली आहे, आता जळलेल्या पावासारखी लागते. नवरा जिन्यातून दारापर्यंत आला. डॉक्टर म्हणतात चालू ठेवा, जास्त महिने केलेलं बरं, हवं तर वास बदला. सासूबाईंनी ताबडतोब यादी दिली: हिंग, कापूर, कढीपत्ता, तूप कढवल्यावर उरते ती बेरी. "तुमचा तो गुलाब काय करायचाय रोज?" गुलाबाची बाटली मी तरीही ठेवणार आहे.

५ जून, गुरुवार

सकाळी जेवणाच्या टेबलावर प्रूफं घेऊन बसले होते. दिवाळी अंक, पान ४१, खालून वर. मधेच काहीतरी आलं. टोकदार. कोरडं. वर, अगदी वर. आधी बारीक, मग पसरत गेलेलं. वही जवळ नव्हती म्हणून समासातच पेन्सिलीने लिहिलं: 'करपट. डावीकडून. वाढतंय.' मग विचार केला, करपट की जळकट? करपट. त्यात थोडं गोड आहे. मग नाव.

दूध!

एक लिटर. पातेल्याचं बूड काळं, शेगडीवर अर्धं. शेजारीण या वेळी बेल वाजवायला आली तेव्हा मी ओटा पुसत होते आणि तिला सांगत होते की मला आधीच कळलं होतं. तिला यातलं कौतुक समजलं नाही. लिहायच्या आधी उठायला काय झालं होतं, असं सासूबाईंनी विचारलं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

संध्याकाळी डीटीपीच्या मुलाचा फोन.

"ताई, पान एक्केचाळीसवर समासात 'करपट, डावीकडून, वाढतंय' असं आहे. हे नेमकं कुठल्या ओळीत घालू?"